साडेपाचची शिकवणी कुणासाठी?

शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही शाळा सुटल्यानंतर इंग्रजीचा वर्ग सुरू केला. तिसरी ते पाचवीची मुलं, वेळ संध्याकाळी साडेपाच, जागा समाजमंदिर, फी नाही. पहिल्या आठवड्यात बसायला जागा पुरेना. पुढं दिवाळीनंतर हजेरीची वही उघडली, तर मुलग्यांच्या नावापुढं खुणा आणि मुलींच्या नावापुढं रिकामे चौकोन. बैठकीत एक कार्यकर्ता म्हणाला, "मुलींना गोडीच नाही." मी मान डोलावली. एम. एस. डब्ल्यू. करताना घरातल्या श्रमविभागणीवर मी पानंच्या पानं लिहिली होती, तरी डोलावली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला वर्गाऐवजी विहिरीवर गेले. आमच्या वर्गातल्या मुली हंडे घेऊन तिथं उभ्या होत्या. एकीच्या कडेवर धाकटा भाऊ होता. तिची आई मला म्हणाली, "ताई, ही तुमच्याकडं बसली तर पानी कोन आनंल? मी कामावरून येते तवा अंधार पडलेला असतो."

तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात आहेत. त्यांचं पाणी मुंबईच्या नळांना जातं आणि उन्हाळ्यात इथले पाडे टँकरची वाट पाहतात. त्या पाण्याची किंमत चौथीतली मुलगी आपल्या अभ्यासाच्या तासांनी चुकती करते.

मैत्रिणींनो, शाळा सुटल्यानंतरचा वेळ मुलग्याला मोकळा असतो. मुलीची तेव्हा घरातली कामं सुरू होतात. म्हणून जे शिक्षण शाळेच्या वेळेतून निघून शिकवणीत जातं, ते मुलीच्या हातून जातं. आणि इंग्रजी तसंच गेलं आहे.

राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे त्यापूर्वी चौथीत शाळा सोडलेल्या बाईनं वर्गात ए बी सीसुद्धा पाहिलेली नाही. आज तिलाच पालकसभेत ऐकवलं जातं, "घरी अभ्यास घेत जा, आम्ही एकटे काय करणार?" दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाची अडचण मला कळते. पण त्या अडचणीचा भार आईच्या डोक्यावर का? बापाला हा प्रश्न विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

शाळेत फळ्यावरचं उतरवून घेण्यापलीकडं इंग्रजी जात नाही, म्हणून ज्यांना परवडतं ते शिकवणी लावतात. मुरबाडकडच्या गावांत मी घराघरांतून विचारत फिरले. पैसे एकाचेच असतील तर फी भावाची भरली जाते. बहिणीबद्दल उत्तर ठरलेलं: "तिला काय करायचंय?" शिकवणाऱ्यांतही हाच भेद आहे. तालुक्याच्या गावी पाटी लावून क्लास घेणारा सर फी घेतो. पाड्यावर बारावी झालेली सून तेच शिकवते तेव्हा त्याला 'सेवा' म्हणतात. आमच्या वर्गातल्या ताईलाही आम्ही वर्षभर काही दिलं नाही. संस्थेची ही चूक मी इथं कबूल करते.

काहीजण म्हणतात, आदिवासी मुलांना इंग्रजी हवंच कशाला, आधी मराठी तर येऊ द्या. ठाकरी किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठीही परकीच असते. पहिलीपासून हिंदी आणण्यावरून २०२५ मध्ये राज्यात केवढं वादळ उठलं! जूनअखेर सरकारनं ते शासननिर्णय मागं घेतले. त्या गदारोळात या मुलांच्या घरच्या भाषेबद्दल कितीजण बोलले? सुरुवात घरच्या भाषेतूनच व्हावी, याबद्दल माझं दुमत नाही. पण औषधाच्या वेष्टनावर, बँकेच्या कागदावर, नोकरीच्या अर्जावर इंग्रजी आहे. ते शहरातल्या मुलांना हवं आणि पाड्यावरच्या मुलीला नको, हे ठरवणारे आपण कोण? सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्येच शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावं असा आग्रह धरला होता.

दुसरा आक्षेप आमच्याच माणसांचा: निदान काहीतरी चाललंय, त्यात खोड कशाला काढता? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात, काय केलं ते आठवा. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना नावं ठेवली नाहीत. बालवाडी अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा नेली. मुलांचं काम पाहून त्यांनी शाळा बदलली.

आम्हीही उशिरा का होईना, मुलींना विचारलं. मुख्याध्यापकांशी बोलून वर्ग शाळेच्या शेवटच्या तासाला आणला. धाकट्याला घेऊन आली तरी बसू दिलं. स्पेलिंगं घोकण्याऐवजी टँकर, स्टेशन, लोकल, रेशन, लाईट अशा तोंडातल्याच शब्दांपासून सुरुवात केली. चौकोन भरू लागले. 'गोडी नसलेल्या' मुलीच आता आधी हात वर करतात.

पण एका पाड्यावर हे जमलं म्हणून सरकारची सुटका होत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ सांगतं की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. तेव्हा आमची मागणी साधी आहे: इंग्रजीचं जादा शिकवणं शाळेच्या वेळेत व्हावं; त्यासाठी पुरेसे शिक्षक द्यावेत; गावातली ताई नेमलीत तर तिला प्रशिक्षण आणि नियमित मानधन द्यावं; आणि पाड्यावर पाणी यावं. पाण्याची मागणी ही शिक्षणाचीच मागणी आहे.

याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांना दिल्या आहेत. आजवर तिथं आपल्याकडून बहुतेकदा नुसती सही घेतली गेली. पुढच्या बैठकीत सही करण्याआधी हजेरीची वही मागा आणि विचारा: साडेपाचला आमच्या मुली कुठं असतात?