दिवा कुणासाठी?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय वाचून घरची मंडळी हसतील. हसा! विषय आहे, रात्री गरवायला जाताना दिव्याचा बोया कोणता घ्यावा. :-)

ज्यांनी कधी गळ टाकला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोया म्हणजे गळाच्या दोरीला लावलेली, पाण्यावर तरंगणारी वस्तू. मासा लागला की ती हलते, बुडते. दिवसा कोणताही रंगीत बोया चालतो. रात्री तो दिसणार कसा? म्हणून टोकाला इवलासा दिवा.

आमच्या बाबांनी आयुष्यभर बोया वापरला नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते साच्यावर होते. पगार थांबला आणि ते लालबागहून चालत वरळीच्या समुद्रावर जाऊ लागले. हातात दोरी, तर्जनीवर तिचा ताण, बस्स. शिंगाळा ओढतोय की खेकडा कुरतडतोय, ते बोटाला कळायचं. पंचांगातली तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. पुनवेला आणि अवसेला भरती मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणून रात्रीचं जाणं. तो छंद नव्हता. दुसऱ्या दिवशीचं कालवण होतं.

आता मधुमेहामुळे त्यांची बोटं बधिर झालीत. मागच्या वर्षी एकदा दोरी गुंडाळून म्हणाले, "बोटांक कळना नाय." त्यानंतर यायचंच बंद केलं. मला ते फार लागलं.

म्हणून क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानातून चार नमुने आणले. एक मोडून पेटवायची कांडी, आणि सेलवर चालणारे तीन बोये: लाल, निळा, हिरवा. बाबांचा पहिला प्रश्न, "माशाक दिवो कित्याक व्हयो?"

प्रश्न बरोबर होता. केंद्र सरकारने २०१७ मध्ये एलईडी लावून मासेमारी करण्यावर बंदी घातली, ती उगाच नाही. प्रखर दिव्यांनी मासळीचे थवेच्या थवे ओढून आणायचे आणि लहानमोठं सगळं उपसायचं, मग पारंपरिक मच्छीमाराच्या जाळ्यात काय उरणार? तो दिवा माशाला भुलवण्यासाठी असतो. आपल्या बोयाचा दिवा आपल्या डोळ्यासाठी आहे. माझं सगळं मत या एका फरकावर उभं आहे. दिवा डोळ्यासाठी असेल, तर तो बघणाऱ्याच्या डोळ्याला दाखवून घ्यायचा, दुकानातल्या झगमगाटात नाही.

आम्ही चारही नमुने मरीन ड्राइव्हवर, गिरगाव चौपाटीच्या बाजूला, भरतीच्या वेळी पाण्यात सोडून पाहिले. कठड्यावरूनच, टेट्रापॉडवर उतरायचं नाही हा आमचा नियम. तळाला गळ टाकला तर तिथे हमखास अडकतो, त्यामुळे बोयाचा तोही उपयोग.

लाल सगळ्यात आधी हरवला. अंधारात आपल्या डोळ्याला लाल फार कमी दिसतो. निळा मला छान दिसत होता, बाबांना मात्र नुसता पसरलेला डाग. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा प्रकाश अडवतं. पांढरा किंवा पिवळा दिवा आणायचा विचारही केला नाही, रस्त्यावरच्या दिव्यांची प्रतिबिंबं पाण्यात थोडी का असतात! हिरवा मात्र बाबांनी स्वतः बोट करून दाखवला.

कांडीचाही उजेड हिरवाच होता. पण ती एकदा मोडली की विझवता येत नाही. उकाड्यात जास्त उजळते आणि लवकर मंदावते. शिवाय दर खेपेला एक प्लॅस्टिकची नळी कचऱ्यात. पावसाळ्यातल्या उधाणाला समुद्र आपला कचरा इथेच परत आणून टाकतो, हे बघूनही ती वापरायची?

सेलवाला घेताना झाकणातली रबरी चकती नीट बघा. खारं पाणी आत शिरलं की संपलं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. जाडा, गुबगुबीत बोया नको, मासा हलका टोचला तर तो हलत नाही. सडपातळ, उभा राहणारा घ्या. त्याला वजन असं लावा की दिव्याचं टोकच पाण्याबाहेर राहील. आणि दिवा मंदच बरा. प्रखर दिव्याकडे टक लावून बसलं की आजूबाजूचं काही दिसेनासं होतं.

गेल्या पुनवेला बाबा पुन्हा आले. दोन तास काहीच नाही. मग हिरवा ठिपका थरथरला, आडवा झाला. मी दोरीला हात घालणार तोच बाबा म्हणाले, "थांब." ठिपका खाली गेला. पाण्याखालीही क्षणभर दिसत राहिला. "आता!"

वीतभर शिंगाळा होता. गळातून मी सोडवला, कारण त्याचा काटा बधिर बोटाला लागला तर कळणारही नाही. बाबांनी तो परत पाण्यात टाकायला लावला. संपात असा टाकला असता का, हे मी विचारलं नाही.

असो. एवढ्याशा दिव्याने बोटांचं काम डोळ्यांवर घेतलं, मला तेवढं पुरे आहे. तुमच्या घरी कुणी गरवणारं म्हातारं माणूस असेल, तर बोया आणायला त्यांनाही बरोबर घेऊन जा.