ग्राहक की गिऱ्हाईक?

मालाचे मोल चुकते झाले की विक्रेत्याची विनवणी संपते आणि ग्राहकाचा हक्क सुरू होतो, हा बाजाराचा जुना नियम आहे. कापड विकून झाल्यावर दुकानदार रोज ग्राहकाच्या दारी येऊन ‘याहून भारी घ्या’ म्हणू लागला असता, तर गावाने त्याला वेड्यात काढले असते. आज मात्र हेच वर्तन आधुनिक व्यापारनीती म्हणून मिरवत आहे. पैसे भरून घेतलेल्या सेवेतही ‘अपग्रेड करा’ अशी चौकट पुन्हा पुन्हा उघडते आणि तिच्यावर ‘नको’ हा पर्याय बहुधा नसतोच. असतो तो ‘नंतर’!

अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने १७ जून २०२५ पासून भारतातील वर्गणीदारांना जाहिराती दाखवण्यास आरंभ केला. त्या नको असतील तर मूळ वर्गणीवर महिना १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये अधिक भरावेत, असा प्रस्ताव ठेवला. अमेरिकेत हाच प्रयोग जानेवारी २०२४ मध्ये झाला होता. व्यत्यय कंपनीनेच निर्माण करायचा आणि तो दूर करण्याचे मोलही तिनेच घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. खर्च वाढला तर दर वाढवण्यास कंपनी मोकळी आहे. परंतु ती वाढ उघड असावी आणि ग्राहकाने भरलेल्या वर्गणीची मुदत संपल्यावर व्हावी. दिलेल्या शब्दाची किंमत मध्येच बदलणे हा व्यापार नव्हे.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य उभे केले, ते ग्राहकाला अर्थव्यवहारात त्याचे स्थान मिळवून देण्यासाठी. पुढे १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, नंतर त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे फसव्या रचनांचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले. खरेदीसाठी सतत टोचणी लावणे आणि वर्गणीचा सापळा रचणे हे त्यांतच मोडतात. नियम आहेत, उणीव आहे ती अंमलबजावणीची. जून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-व्यापार कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी स्वतःच करण्यास सांगितले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख ठेवणारा पौतवाध्यक्ष हा राज्याचा अधिकारी आहे, व्यापाऱ्यांचा नव्हे. तराजूवर शिक्का मारण्याचे काम दुकानदाराकडेच सोपवले, तर माप खरे राहील कसे?

म्हणूनच शासनाने स्वतंत्र तपासणीची व्यवस्था उभी करावी. ग्राहकानेही ‘एवढ्याशा गोष्टीसाठी कोण भांडणार’ ही वृत्ती सोडावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावरील एक तक्रार एकाकी ठरेल. हजारो तक्रारींकडे मात्र कोणालाही पाठ फिरवता येणार नाही. संघटित होतो तो ग्राहक. विखुरलेला राहतो त्याचे गिऱ्हाईक होते.