गटाची बैठक आणि येरवडा

आडवली स्टेशनावर गाडीची वाट बघताना मधु दंडवत्यांचं नाव कुणीतरी काढतंच. प्रमिलाताईंचं मात्र कुणी काढत नाही! १९७५ साली आणीबाणी आली आणि राजापूरचे तेव्हाचे खासदार मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात गेले, प्रमिलाताई येरवड्यात. जवळजवळ दीड वर्ष. खटला नाही, सुटकेची तारीख नाही, पत्रंही सेन्सॉर होऊन जायची. तरी दोघं एकमेकांना पुस्तकं, संगीत, स्वातंत्र्य याविषयी लिहीत राहिले. अशा वेळी मनाला वाचनाची शिस्त लावणं सोपं का असतं? (मी तर रडत बसले असते.) पुढे १९८० मध्ये त्या स्वतः खासदार झाल्या.

आणि आपण लांज्याच्या बायका? नवरा मुंबईला, घर आपण चालवतो, बचत गटाचा हिशेब पै-पैचा लावतो. पण पेपरातलं राशिभविष्य वाचून झालं की पेपर डब्याखाली. ग्रामसभेत तोंडाला कुलूप. म्हणे, ‘वेळ कुठाय?’

गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की उठायची घाई करू नका. एकीनं पंधरा मिनिटं पेपर मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. आमच्या गटात पहिली पाळी माझी आहे.