पाठीवरची चांदी

तुर्कमेन स्त्रियांच्या दागिन्यांचे फोटो पाहिले की 'आसिक' नेहमी समोरून दिसतो. हृदयाच्या आकाराचा, जाळीदार, मध्ये लाल अकीक. कुणालाही वाटेल, हे गळ्यातलं पदक. पण तो वेणीत अडकवून पाठीवर सोडायचा! पुढे कॉलरशी गोल 'गुल्याका', छातीवर ताईतासारखं 'तुमार', मनगटात रुंद बांगड्या. आणि स्वतःची नजर पोचत नाही तिकडे आसिक. चांदी आणि अकीक दृष्ट लागू देत नाहीत, अशी तिथली श्रद्धा.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये वूल्फ दांपत्याने दिलेला या दागिन्यांचा मोठा संग्रह आहे. 2012 मध्ये त्याचं प्रदर्शनही झालं. चांगलंच आहे, त्यामुळेच वडोदऱ्यात बसून मला हे पाहता येतं. माझी तक्रार आहे ती अशा दागिन्यांखालच्या चिठ्ठीबद्दल. जमातीचं नाव 'तेके', काळ एकोणिसावं शतक. आणि घडवणारा?

तुर्कमेन भाषेत सोनाराला 'झेर्गेर' म्हणतात. त्यातला 'झेर' म्हणजे सोनं. आपल्या 'जरतारी'तला 'जर' तो हाच, फारसीतून दोन्हीकडे गेलेला. गंमत अशी की हा झेर्गेर घडवायचा मुख्यतः चांदीच, कित्येकदा नाणी वितळवून. पत्र्यावर नक्षी कोरायची, पाऱ्यात कालवलेलं सोनं तिच्यावर लावायचं आणि तापवायचं. पारा वाफ होऊन उडतो, सोनं चिकटून राहतं. मधली चांदी मुद्दाम कोरी ठेवायची, म्हणून पांढऱ्या जमिनीवर सोनेरी वेल उठून दिसते. ती वाफ विषारी असते. भट्टीशी बसणाऱ्याच्या छातीत ती जाणारच ना?

एवढ्या कामाला 'लोककला' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्या शब्दात कारागीर पार विरघळून जातो. नाव मिळत नसेल, मान्य. बहुतेक दागिन्यांवर सही नसतेच. पण तो घडला कसा आणि अंगावर कुठे बसायचा, एवढं तरी लिहा की! आवाजाचं तर कुणी बोलतच नाही. खाली लोंबणाऱ्या साखळ्या आणि घुंगरं बाई चालली की वाजायची. काचेआड सगळं गप्प.

दुसऱ्या महायुद्धात तुर्कमेनिस्तानातल्या बायकांनी अंगावरची चांदी युद्धनिधीला दिली, तेव्हा तिचा हिशेब किलोत झाला. तिथे घडणावळ कोण मोजणार? जे वाचलंय, त्याच्यासाठी निदान एक पाठमोरा पुतळा उभा करा, वेण्यांसकट. बघणाऱ्याला वळसा घालून मागे जाऊ दे.