जो उन्हात जाऊच शकत नाही, त्याचे काय?

वैशाख लागला की आपल्या विदर्भात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५-४६ अंशांवर जातो. धडधाकट गडीसुद्धा दुपारी लिंबाखाली अंग टाकतो. मग ज्याच्या अंगातली ताकदच आजाराने नेली, त्याचे काय होत असेल?

मोटर न्यूरॉन डिसीज हा तसाच आजार. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या पेशीच यात मरत जातात. सुरुवातीला पायातली चप्पल निसटते, हातातला तांब्या सुटतो, जीभ अडखळते. पुढे गिळणे आणि श्वास घेणेही जड होते. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६९ मध्ये याचे वर्णन केले, पण तो बरा करणारे औषध आजही नाही. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना हाच आजार होता.

उन्हाळ्यात त्रास वाढतो, असे यातले अनेक रुग्ण सांगतात. घरचे म्हणतात, "उन्हानं आळसावलाय, दुसरं काय!" कुणी करणी काढतो. दोन्ही खोटे. काम कमी पेशींवर पडल्याने स्नायू आधीच दमलेले असतात, त्यात उकाडा आणखी थकवतो. काल तोंडापर्यंत गेलेला हात आज अर्ध्यातच पडतो. गारवा मिळाला की पुष्कळदा थोडी ताकद परत येते. तेव्हा लगेच धीर सोडू नका आणि माणसाला ढोंगीही म्हणू नका.

एक गोष्ट ध्यानात घ्या. या आजारात हातपाय हलत नाहीत, पण चटका कळतो. घामाने पाठ भिजली, अंगावर माशी बसली, सगळे कळते. कूस मात्र बदलता येत नाही. पाण्याचा ठसका लागतो म्हणून तो पाणी टाळतो. लघवीला कुणाला तरी उचलून न्यावे लागेल, या संकोचानेही तहान मारतो. उन्हाळ्यात हेच जिवावर बेतते.

म्हणून रुग्णाची खाट पत्र्याखालून हलवा. कूलर लावाल तर खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होऊन जीव अधिकच घाबरतो. मानेवर ओले फडके ठेवा. आडवे निजवून तोंडात पाणी ओतू नका. बसवून, घोट-घोट द्या. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर दाटसर पेज किंवा आंबील चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. धाप वाढली, ताप चढला, माणूस बरळू लागला तर मात्र घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

काहींना रात्री श्वासाचे यंत्र लागते. लाइन गेली की त्या घराने काय करावे? प्रत्येकाकडे इन्व्हर्टर कुठून येणार?

दरवर्षी दवंडी असते, "दुपारी उन्हात फिरू नका." पण जो फिरूच शकत नाही, त्याच्यासाठी कोण बोलणार? गुढीपाडव्याआधी ग्रामपंचायतीने आशाताईंना सोबत घेऊन गावातल्या खाटेवरच्या माणसांची यादी करावी. वीज कार्यालयाने यंत्र असलेल्या घराला लाइन बंद ठेवण्याची वेळ आधी कळवावी. याला मोठा निधी लागत नाही.

आणि यादी होईल तेव्हा होवो. आज दुपारी तुमच्या आळीतल्या अशा घराचे दार एकदा ठोठावून बघा.