कटुता, पण कोणती?

शेताच्या वाटणीवरून आम्हां भावांत ‘कटुता’ आली, असे मी परवा बोलून गेलो आणि त्या शब्दापाशीच अडखळलो. आयुर्वेदात ‘कटु’ म्हणजे तिखट. कडूला तिथे ‘तिक्त’ म्हणतात. मराठीत मात्र कटूचे कडू झाले. तिखट डोळ्यांत पाणी आणते आणि ओसरते. कडू जिभेवर रेंगाळते.

आपल्या भाषेने दुराव्याच्याही पायऱ्या ठेवल्या आहेत : कुरबूर, धुसफूस, अबोला, बेबनाव आणि शेवटी वितुष्ट. कुरबूर चहाच्या कपाबरोबर मिटते; वितुष्ट मुलाबाळांना वारशाने मिळते. आमचा अजून अबोलाच आहे. त्याला घाईने वितुष्ट कशाला म्हणावे?

पाडव्याला कडुनिंबाच्या पानासोबत आपण गूळही खातो. येत्या पाडव्याला दादाकडे मीच जाणार आहे.