कॉफीची गाडी: आधी जागा, मग यंत्र

नोकरीतून लवकर निवृत्ती घेतलेले गृहस्थ असोत, मुले मोठी झाल्यावर काही करू पाहणारी गृहिणी असो, की पदवी घेऊन घरी बसलेला मुलगा. थोड्या भांडवलात काय करावे असा विषय निघाला की हल्ली कॉफीचे नाव हमखास पुढे येते. दूध, साखर, कॉफी पावडर, एक यंत्र आणि एक गाडी. मालाचा पसारा नाही, उधारी नाही, संध्याकाळी रोख पैसे हातात. हिशेब छान जुळतो. मग बँकेतली ठेव मोडली जाते, यंत्र येते, गाडीला रंग लागतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पालिकेचे अतिक्रमण पथक ती उचलून नेते. ‘अहो, पण आम्ही लायसन्स काढले होते,’ असे घरची मंडळी कळवळून सांगतात. ते खोटे नसते. फक्त त्यांनी काढलेला कागद वेगळ्या कामाचा असतो.

या धंद्यात तीन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात: काय विकता, कुठे उभे राहून विकता आणि विक्री किती होते? या तिन्हींची उत्तरे तीन निरनिराळ्या कचेऱ्यांत द्यावी लागतात. एकीचा कागद दुसरीकडे चालत नाही.

सर्वांत सोपा कागद

खाण्यापिण्याचा कोणताही पदार्थ विकणाऱ्याला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. घरगुती डबा असो वा हातगाडी, नोंदणी हवीच. या कायद्याखालील २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या विक्रेत्यासाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली आणि तिची फी वर्षाला १०० रुपये ठरवली. अशा मर्यादा अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करताना चालू आकडा पाहून घ्यावा. फॉर्म ‘ए’, फोटो आणि ओळखीचा पुरावा ही मुख्य कागदपत्रे. अर्ज २०२० पासून ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर भरला जातो. मिळालेला १४ आकडी क्रमांक गाडीवर दिसेल असा लावायचा असतो.

हा कागद सोपा असला तरी त्याच्यासोबत जबाबदारी येते. पाणी पिण्याजोगे हवे, कचऱ्याचा डबा झाकणाचा हवा, पदार्थ हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. माल घेताना पुड्यावरचा मजकूरही वाचावा. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफीचे प्रमाण निदान ५१ टक्के असावे, असा नियम आहे.

फसगत होते ती यानंतर. या नोंदणीत आपल्या कॉफीबद्दल लिहिलेले असते, रस्त्याबद्दल एक अक्षरही नसते.

रस्त्यावरचा हक्क

रस्त्याकडेला, पदपथावर किंवा बागेजवळ गाडी लावायची तर पालिकेचे विक्री प्रमाणपत्र लागते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली देशभरासाठी एक कायदा झाला, त्यात याची तरतूद आहे. प्रत्येक शहरात शहर फेरीवाला समिती असावी, तिचे निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असावेत आणि त्यांतही एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे हा कायदा सांगतो. पण विभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के एवढीच विक्रेत्यांची कमाल मर्यादा आहे आणि पूर्वीपासून बसणाऱ्यांची सोय आधी करायची असते. नव्याने येणारा रांगेत मागे राहतो. कामाची गतीही शहराशहरांत निराळी. मुंबईत या समितीसाठी विक्रेत्यांचे मतदान व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडले.

प्रमाणपत्राच्या अटी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचाव्यात. धंदा स्वतः किंवा कुटुंबातल्या माणसाने करायचा, उपजीविकेचे दुसरे साधन नसावे आणि प्रमाणपत्र कोणाला भाड्याने अथवा विकत द्यायचे नाही. म्हणजे सकाळी कचेरी आणि संध्याकाळी गाडी असा बेत करणाऱ्या नोकरदाराच्या नावे ते मिळणार नाही. तसेच, ‘महिन्याला अमुक द्या आणि माझ्या लायसन्सवर खुशाल गाडी लावा,’ असे कोणी सुचवले तर तो मोह टाळावा. त्यात देणाऱ्याचे प्रमाणपत्र धोक्यात येते आणि घेणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

प्रमाणपत्र असले की मात्र पाठीशी कायदा असतो. जागा सोडायला लावण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशी, तर इतर माल दोन कामाच्या दिवसांत ठरलेली फी घेऊन परत करायचा असतो. विक्रेत्याचा मृत्यू झाल्यास पती वा पत्नीला किंवा अवलंबून असलेल्या मुलाला ती जागा चालवता येते. रेल्वेच्या हद्दीला हा कायदा लागू नाही, हेही ध्यानात असावे.

गाळा घ्यायचा असेल तर

गाळ्याचे भाडे जास्त, पण उत्तरे स्पष्ट. करार करण्यापूर्वी त्या जागेचा मंजूर वापर व्यापारी आहे का, हे पाहावे. तळमजल्यावरची राहती खोली स्वस्तात मिळते आणि पुढे तीच अडचण होते. त्यानंतर पालिकेचा आरोग्य किंवा व्यवसाय परवाना काढावा लागतो. मुंबईत तो १८८८ च्या महापालिका कायद्याखाली मिळतो. काही राज्यांत उपाहारगृहाला पोलिसांचीही परवानगी लागत आली आहे. दिल्लीत मात्र जून २०२५ मध्ये हे काम पोलिसांकडून काढून घेण्यात आले. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यानुसार थोडे नोकर असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी नुसती सूचना देऊन भागते. इंदूर, बडोदा किंवा हैदराबादच्या वाचकांनी आपापल्या पालिकेतच चौकशी करावी. शेजारच्या राज्यातल्या नातेवाइकाचा अनुभव इथे उपयोगी पडेलच असे नाही.

जीएसटीची नोंदणी बहुतेक राज्यांत वर्षाची विक्री २० लाखांवर गेल्यावर लागते, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याची धास्ती नको. गॅस मात्र पहिल्या दिवसापासून व्यापारी हवा. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. १९ किलोचा घ्यावा लागतो. टेम्पोत फेरफार करून दुकान थाटायचे असेल तर आधी आरटीओची मंजुरी घ्यावी.

क्रम चुकवू नका

बहुतेक घरांत यंत्र आधी येते आणि जागा शेवटी शोधली जाते. हा क्रम उलटा करावा. पहिल्या आठवड्यात पालिकेच्या विभाग कार्यालयात जाऊन ठरवलेला रस्ता विक्री क्षेत्रात आहे की विक्रीला बंद आहे, हे विचारावे. शक्य तर लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. जागेचे नक्की झाले की खाद्य नोंदणी, मग गॅस आणि सर्वांत शेवटी यंत्र. अर्ज स्वतः भरावा. एजंटाकडे दिलाच तर मोबाईल नंबर आपलाच लिहावा, म्हणजे कचेरीचे निरोप थेट आपल्याला मिळतात. प्रत्येक पावतीची झेरॉक्स गाडीत आणि मूळ प्रत घरी ठेवावी.

रस्त्यावरची जागा मिळणार नाही असे कळले तरी त्या फेरीत फक्त दोन-चार दिवस आणि बसभाडे गेलेले असते. मोडायची ठेव अजून बँकेतच असते, आणि एखाद्या छोट्या गाळ्याचा विचार शांतपणे करता येतो.